झोपलेली राख

सगिनाली आकेंची नक्कल मी फार छान करते. हे माझं म्हणणं नाही, अख्ख्या तेरेक-बुलाक गावाचं आहे; निदान गेल्या फेब्रुवारीपर्यंत तरी होतं. डावा खांदा जरा वर घ्यायचा, मान पुढे काढायची, डोळे लांब सरोवराकडे लावायचे आणि कुणी काहीही विचारलं तरी आधी वाऱ्याचं सांगायचं.

“आके, तब्येत बरी ना?”

“उलान सुटलाय. पश्चिमेकडून. वेग...” इथं थांबायचं. इतकं थांबायचं की समोरच्याला वाटावं, म्हातारा उभ्या उभ्या गेला की काय. मग, “वेग बऱ्यापैकी.”

आके, म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसे, हे आमच्या गावच्या उकिरड्याचे राखणदार. त्याआधी वीस वर्षं ते वर खिंडीतल्या हवामान केंद्रात होते. दिवसातून आठदा बाहेर जायचं, वारा बघायचा, बर्फात काठी खुपसायची आणि बिनतारी यंत्रावरून खाली कळवायचं. खाली कोण ऐकत होतं हे त्यांना कधीच कळलं नाही. एक दिवस खालून उत्तर यायचं थांबलं, तरी ते दोन महिने कळवत राहिले म्हणे. मग केंद्राला कुलूप लागलं. गावाला उकिरड्यावर माणूस हवा होता आणि आकेंना वाऱ्यात उभं राहायची सवय होती.

उकिरडा म्हणजे गावाबाहेर दोन टेकड्यांमधली खोलगट जागा. पुढे एक लोखंडी फाटक, फाटकाशी आकेंची पत्र्याची खोली, खोलीवर उंच काठी आणि काठीला निळा फुलाफुलांचा पडदा. तो त्यांच्या बायकोच्या स्वयंपाकघरातला. ती गेल्यावर पडदा खिडकीवरून निघून काठीवर चढला. पडदा पूर्वेकडे फडफडला की कचरा अलीकडच्या कडेला टाकायचा, पश्चिमेकडे फडफडला की पलीकडच्या. पडदा लोंबत असला तर आके म्हणेपर्यंत थांबायचं. त्यामुळे आमच्या गावात कुणाच्या कुंपणावर प्लास्टिकची पिशवी अडकलेली दिसत नाही. शेजारच्या गावात झाडांना पानांच्या आधी पिशव्या येतात.

कचरा न्यायला गाडी-बिडी येत नाही. दर शनिवारी ज्याचा त्यानं न्यायचा. कुणी मोटारीच्या डिकीत, कुणी घसरगाडीवर. आमच्याकडे गाढवगाडी आणि गाढव हाकायला मी. आमचं गाढव मला मुळीच मानत नाही, पण आईच्या आवाजात “चल रे मेल्या” म्हटलं की चालतं. म्हणजे घरात माझ्या कलेची पहिली कदर गाढवानं केली.

आणि आमच्याकडचा कचरा म्हणजे मुळात राख. ऑक्टोबर ते एप्रिल चूल कोळशावर, रोज बादलीभर राख. सूर्य मावळल्यावर राख घराबाहेर काढायची नाही, घराची बरकत जाते. म्हणून ती सकाळी निघते, आणि सकाळच्या राखेच्या पोटात निखारा असतो. तसाच उकिरड्यावर ओतला तर महिनाभर धुमसत राहील. म्हणून आके प्रत्येक बादलीत स्वतःचा हात घालत. बाही कोपरापर्यंत वर, बोटं मिटलेली, आणि डोळे बंद. डॉक्टर पोट तपासतात तसं. मग निकाल. “झोपलीय,” म्हणाले की ओता. “जागी आहे,” म्हणाले की खोलीत या, चहा घ्या, ती झोपेपर्यंत बसा. बावीस वर्षांत आमचा उकिरडा एकदाही पेटला नव्हता.

आता एवढ्या बादल्यांत आणि पोत्यांत हात घालणाऱ्या माणसाला गावाचं काय काय कळत असेल. कोण कितीची बाटली लपवून पितं, कुणाकडे पाळणा हलणार, कुणाच्या पोराच्या शाळेच्या वह्या कोऱ्याच आल्या. माझी आई सगळ्यांना सांगते की ती खिमा भरलेल्या मान्त्या हातानं वळते, आणि आमच्या पोत्याच्या तळाशी दुकानातल्या गोठवलेल्या मान्त्यांची पाकिटं असतात, घडी घालून, दुसऱ्या पिशवीत, तिसऱ्या पिशवीत. आके ते पोतं वीस वेळा हातात घेऊन गेले असतील. आमच्याकडे पाहुणे म्हणून आले की मान्ती खाऊन म्हणत, “हाताला चव आहे.”

लोक खोदून विचारायचे. “आके, त्या वरच्या आळीतल्या नव्या सुनेनं काय काय टाकलं हो?”

“राख.”

“आणि त्या दुकानदारानं?”

“राख. सगळ्यांची राखच असते.”

हे “राख” मी करायचे तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. वर्गात केलं, लग्नात केलं, एकदा इतिहासाच्या बाईंसमोर केलं आणि त्यांनी शिक्षा करायच्या ऐवजी परत करायला लावलं. त्यानंतर माझं डोकं जमिनीवर राहिलं नाही. मला वाटायला लागलं, आके हे माझ्यासाठीच घडवलेले आहेत.

फेब्रुवारीत आमच्या शेजाऱ्यांकडे बाळाला पाळण्यात घालायचा समारंभ होता. चाळीस बायका, मधोमध अंथरलेला दस्तरखान, त्यावर सूर्यासारखी गोल गोल नानं. ही नानं केन्जेगुल अपांची. केन्जेगुल अपा सत्तरीच्या, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, आणि गावातला सगळ्यात चांगला तंदूर त्यांचा. नान उलटं ठेवलेलं त्यांना दिसलं तर घर कुणाचंही असो, उठून सुलटं करतात. खाली पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावतात. आमच्याकडे सगळेच लावतात, पण त्या लावतात तेव्हा तुकड्याला पडल्याची लाज वाटते.

जेवण झाल्यावर बायका म्हणाल्या, “जिपारा, म्हातारा कर ना.”

मी उभी राहिले. खांदा, मान, सरोवर. “उलान आहे. वेग... बऱ्यापैकी.” हशा. मी चहाची किटली बादली म्हणून घेतली, बाही वर केली, हात घातला, डोळे मिटले. एकेकीकडे वळून निकाल देत गेले. “झोपलीय.” “जागी आहे.” “ही झोपलीय, पण घोरतेय.” हशा वाढत गेला आणि मला आणखी पाहिजे होता. डोळे उघडले तर समोर केन्जेगुल अपा. मी हात किटलीत आणखी खोल घातला, भुवया वर केल्या आणि आके थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारली, “एजे... ही राख नुसती राख नाही. हिच्यात दीड नान आहे.”

हसू असं फुटलं की पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. नान कचऱ्यात, आणि तेही केन्जेगुल अपांच्या. आमच्याकडे याहून मोठा आरोप नाही, आणि याहून अशक्यही नाही. म्हणून तर विनोद. मी वाकून सलाम केला. वर बघते तर अपांनी वाटी खाली ठेवली होती, रुमाल सारखा केला होता आणि त्या दाराकडे निघाल्या होत्या.

मला वाटलं, कला सहन झाली नाही.

मी आता खोटं का सांगू, मी त्या दिवशी रस्त्यानं नाचत घरी गेले.

पुढच्या शनिवारी गाढवगाडी घेऊन उकिरड्यावर गेले तर फाटकाशी कुणी नाही. नेहमी आठ-दहा गाड्यांची रांग असते. आकेंनी माझ्या बादलीत हात घातला. “जागी आहे. ये, चहा घे.” आम्ही खोलीत बसलो. ते खिडकीतून रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. मला बरंच वाटलं, रांग नाही, लवकर सुटका.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी पायी येताना दिसलं. केन्जेगुल अपा, हात रिकामे. त्या फाटकाशीच थांबल्या.

“सगिनाली, बाहेर ये.”

आके बाहेर गेले. मी दाराआड. कान मात्र पूर्ण बाहेर.

“एजे, उलान सुटलाय. आत ये, चहा घे.”

“मला चहा नको. तू सांगितलंस का?”

“काय?”

“ते. त्या कारटीला. दर शनिवारी इथं बसून तुझा चहा ढोसते ती.”

मी भांडं खाली ठेवलं. आके नेहमीप्रमाणे थांबले. पण ते थांबणं मी करते तसं नव्हतं. त्यांनी मागे वळून दाराच्या फटीकडे पाहिलं, म्हणजे बरोबर माझ्या उजव्या डोळ्यात. त्यांना समारंभातलं कळलं असणार. गावात कुणाला नव्हतं कळलं? एक बोट माझ्याकडे दाखवून “ही मनचं बोललीय” एवढं म्हणायचं होतं. पाच सेकंदांचं काम.

“इथं येऊन कुणी काय टाकलं ते मी सांगत नाही, एजे,” ते म्हणाले. “तुझं नाही, दुसऱ्या कुणाचंही नाही.”

“म्हणजे नाही म्हणत नाहीस.”

“राख आहे सगळी.”

“बावीस वर्षं मी तुला माणूस समजत होते,” अपा म्हणाल्या आणि आल्या तशा निघून गेल्या.

आके आत आले. मला वाटलं आता बोलतील, निदान कान तरी पिळतील. त्यांनी माझ्या बादलीत परत हात घातला. “झोपली तुझी. टाक जा.”

मी टाकली आणि घरी जाऊन मान्त्या खाल्ल्या. सात. मनाला लागलं होतं म्हणून सात, नाहीतर दहा खाते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं की रांग का नाही. गावानं सरळ हिशेब केला होता: पोरगी दर शनिवारी तिथं बसते, म्हातारा बोलल्याशिवाय तिला कसं कळेल? आणि केन्जेगुलचं सांगतो तर आपलं सांगणार नाही कशावरून? प्रत्येकाच्या पोत्यात काहीतरी होतंच. माझ्या आईनं तर मान्त्यांची पाकिटं चुलीत जाळली. दोन दिवस घराला टायरचा वास. “तू जाऊ नकोस आता तिकडे,” आई म्हणाली. “त्याच्या जिभेला हाड राहिलं नाही.” मी “बरं” म्हणाले. एवढंच म्हणाले. दहा जणांचे आवाज काढणाऱ्या माझ्या घशातून तेव्हा नेमका एकच शब्द निघाला.

मार्च लागला. नूरूझच्या नववर्षाआधी सगळं गाव घर झाडून हिवाळा बाहेर काढतं, वर्षातला सगळ्यात जास्त कचरा तेव्हाच. लोक तो ओढ्याच्या कोरड्या पात्रात टाकायला लागले, जिथं पोत्यात कुणी हात घालत नाही. तिसऱ्या दिवशी कुणाचीतरी जागी राख तिथल्या वाळक्या गवताला लागली आणि तिथून गावसमितीचे प्रमुख तालासबेक बाइकेंच्या गवताच्या गंजीला. अर्धी गंज गेली. आग बादल्यांनी विझवली तेव्हा सगळ्यात पुढे आके होते, आणि त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तालासबेक बाइकेंनी चौकात सगळ्यांसमोर सांगितलं. “आदरणीय ग्रामस्थहो. ज्या जागी कोणी जात नाही, त्या जागेला राखणदार कशाला? नूरूझपर्यंत बघू. नंतर फाटकाला कुलूप लावू, आणि सगिनाली आकेंना त्यांच्या लेकीकडे बिश्केकला पाठवू. तिथं आराम आहे. तिथं कचरा लिफ्टनं खाली जातो.”

आकेंनी ऐकलं. सरोवराकडे पाहिलं. वाऱ्याचं काहीच बोलले नाहीत.

मग मात्र मला घरात बसवेना. नूरूझला चार दिवस राहिले असताना मी केन्जेगुल अपांकडे गेले. त्या तंदूरपाशी उभ्या होत्या, हातात लांब आकडा, चेहरा लाल. वाटेत मी भाषण पाठ केलं होतं. तोंड उघडलं.

“आदरणीय अपा,” मी म्हणाले, आणि तो आवाज तालासबेक बाइकेंचा होता.

अपांनी आकडा थांबवला. मी घसा खाकरला, परत सुरुवात केली, तर आईचा आवाज. “अगं बाई, काय सांगू तुम्हाला.” मी घाबरले. घाबरले की मला स्वतःचा आवाज सापडत नाही, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, कारण मी कधी घाबरेपर्यंत थांबलेच नव्हते. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर खांदा आपोआप वर गेला, मान पुढे आली.

“ते... मी... बऱ्यापैकी...”

“माझ्या दारात येऊन परत त्याची नक्कल करतेस?” अपा म्हणाल्या. आकडा माझ्या दिशेला वळला होता.

“नाही. करायची नाहीये. येतेय आपोआप.”

“तुझा स्वतःचा आवाज कुठंय?”

“सापडत नाहीये, अपा.”

हे मात्र माझ्याच आवाजात आलं. बारीक, चिरका, अगदी सामान्य. नक्कल करण्यासारखं त्यात काही नाही. त्याच आवाजात मी सगळं सांगितलं. आके कधीच काही बोलले नाहीत. मी बनवलं. हशा हवा होता आणि समोर तुम्ही होतात.

“खोटं,” अपा म्हणाल्या. “त्याला वाचवायला आलीस. बनवून बनवून नेमकं तेच कसं बनेल?”

मला आधी कळलंच नाही. नेमकं तेच म्हणजे काय? आणि मग कळलं, आणि माझे कान गरम झाले.

“अपा, मी दीड नान म्हणाले,” मी म्हणाले. “दोन म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं. दीडला लोक हसतात. म्हणून दीड.”

“दीड,” अपा म्हणाल्या.

“दीड.”

त्यांनी आकडा भिंतीला टेकवला आणि तंदूरशेजारच्या ओट्यावर बसल्या. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. थोडं तेही होतं.

“दीड नान मी टाकेन? अगं मूर्खे, पोतं होतं. माझा माणूस गेल्यावर चाळिसावा दिवस झाला तेव्हा सगळ्या गावानं तळलेल्या पावाचे बोरसोक आणले. खोली भरली. मी कुणाला देणार, मला उठवत नव्हतं. महिन्याभरानं पाहिलं तर सगळ्याला बुरशी. गाईला घातलं तर गाय मरेल. मी पोत्यात भरलं, वर दोन बादल्या राख ओतली आणि नेलं. त्यानं हात घातला कोपरापर्यंत.” त्यांनी स्वतःची बाही वर केली, त्यांनाही कळलं नसावं. “थांबला. बोटांना लागलं असणार. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, झोपलीय एजे, ठेव इथं, मी टाकतो.”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी वरच्या टेकडीवर, जिथं कुणाचा पाय पडत नाही, तिथं माती नवीन उकरलेली दिसली. लांबून.” त्यांनी बाही खाली केली. “आणि त्याला मी माणूस नाही म्हणाले.”

माझ्याकडे तेव्हा गावातली सगळ्यात मोठी बातमी होती. आणि ती कुणाच्याच आवाजात सांगता येणार नव्हती. हा माझ्यासारखीवर अन्याय आहे, पण असो.

“तुमचं गाढव रिकामं आहे का शनिवारी?” अपांनी विचारलं.

शनिवारी सकाळी त्यांनी आमच्या गाडीवर स्वतःची राख चढवली आणि वर जाऊन बसल्या, लग्नाच्या वरातीत बसतात तशा. मला म्हणाल्या, मागच्या वाटेनं नाही, मोठ्या रस्त्यानं. आणि सावकाश. प्रत्येक घराच्या फाटकाशी थांबायला लावलं.

“काय असेल ते घेऊन या,” अपा हाक द्यायच्या. “आणि ही काय म्हणते ऐका.”

मग मी म्हणायचे, “त्या दिवशीचं मी मनचं बोलले. आकेंनी मला कधीच काही सांगितलं नाही.” माझ्याच आवाजात. पहिल्या फाटकाशी जीव गेला. चौथ्या फाटकाशी जरा सफाई आली. सातव्या फाटकाशी मी स्वतःचीच नक्कल करतेय असं वाटलं आणि अपांनी पाठीत गुद्दा घातला. लोक आधी माझ्याकडे बघत, मग गाडीवर ताठ बसलेल्या अपांकडे. आणि ज्या बाईला सगळ्यात जास्त लागलं तीच पोतं घेऊन निघालीय म्हटल्यावर मागे राहायला कुणाकडे कारण उरत नव्हतं. आमच्या घरापाशी आई बाहेर आली. हातात सात गाठी मारलेलं पोतं. माझ्याकडे असं पाहिलं की आठवी गाठ माझ्याच गळ्याला बसते की काय.

उकिरड्याशी पोचलो तेव्हा मागे अकरा गाड्या होत्या आणि शेवटची तालासबेक बाइकेंची, जळक्या गवतानं भरलेली. आके फाटकात उभे होते. खोलीपाशी त्यांची बांधलेली पेटी दिसत होती. काठीवरचा पडदा त्यांनी काढून ठेवला होता. आम्हाला बघून आत गेले आणि परत लावला. एवढ्यानंच त्यांना धाप लागली.

“सान्ताश आहे,” ते म्हणाले. “पूर्वेकडून. वेग...”

अकरा गाड्या थांबल्या.

“वेग बऱ्यापैकी. पलीकडच्या कडेला टाका.”

त्यांनी अपांच्या बादलीत हात घातला. डोळे मिटले. अपा श्वास धरून उभ्या होत्या.

“जागी आहे, एजे.”

“मग बसते,” अपा म्हणाल्या. “चहा आहे का?”

त्या आत गेल्या. मी गाढवापाशी उभी राहिले. आके माझ्या बादलीकडे आले. मी म्हणाले, “आके, माफ करा,” आणि आवाज परत चिरकला.

“सर्दी झालीय का तुला?” त्यांनी विचारलं. “आवाज वेगळाच येतोय.” आणि हात राखेत घातला. “झोपलीय. टाक.”

पेटी अजून तिथंच आहे. आता तिच्यावर चहाची भांडी असतात. तालासबेक बाइके कुलपाबद्दल बोलत नाहीत, गवताबद्दल बोलतात.

त्या शनिवारी घरी परतताना आई गाडीवर माझ्याशेजारी बसली होती. एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत तिनं कसाबसा दम धरला. मग तिनं हळूच विचारलं, “ए जिपारा. त्या केन्जेगुलकडे इतका वेळ काय बोलत होतीस? खरंच काही होतं का तिच्या पोत्यात?”

मी सरोवराकडे बघितलं.

“राख,” मी म्हणाले.

आई इतकी हसली की गाढव थांबलं. तिला वाटलं, म्हातारा केला मी.